विद्यापीठ परिसरातील ऊर्जासंधारण

विद्यापीठाच्या आवारातील इमारती, प्रयोगशाळा, वसतिगृहे, पाणीपुरवठा व वाहतूक यांसाठी लागणारी वीज, इंधन आणि उष्णता यांचा वापर कामात खंड न पडू देता कमी करणे व उरलेली गरज शक्य तितकी नवीकरणीय स्रोतांतून भागविणे, यांसाठी योजण्यात येणाऱ्या तांत्रिक, आर्थिक आणि संघटनात्मक उपायांस विद्यापीठ परिसरातील ऊर्जासंधारण असे म्हणतात. संधारण आणि निव्वळ काटकसर यांत भेद आहे. अभ्यासिकेतील निम्मे दिवे मालवून वाचकांची गैरसोय करणे ही काटकसर होय; तेवढाच उजेड निम्म्या विजेत मिळविणे आणि वाचक नसताना दिवा आपोआप मालवला जाईल अशी व्यवस्था करणे, हे संधारण होय.

स्वरूप व व्याप्ती : विद्यापीठाचा परिसर हे एक लहानसे नगरच असते. वर्गखोल्यांत दिवसाचे काही तास, ग्रंथालये व अभ्यासिकांत रात्री उशिरापर्यंत, वसतिगृहांत मुख्यतः पहाटे आणि रात्री, तर प्रशीतके, संगणककेंद्रे आणि काही प्रयोगशाळा यांत अहोरात्र वीज वापरली जाते. त्यामुळे सुट्टीच्या काळात परिसर ओस पडला, तरी विजेचा वापर शून्यावर येत नाही. या किमान वापरास पायाभार म्हणतात. पायाभार किती आहे व त्यातील किती अटळ आहे, हे पाहिल्यास अपव्ययाची पहिली कल्पना येते.

ऊर्जासंधारणाच्या दृष्टीने विद्यापीठाची दोन वैशिष्ट्ये महत्त्वाची आहेत. पहिले अनुकूल आहे. परिसरातील बहुतेक इमारती एकाच संस्थेच्या मालकीच्या असतात व ती संस्था पिढ्यान्‌पिढ्या तेथेच राहणार असते. ज्या सुधारणेचा खर्च भरून निघण्यास दहा-पंधरा वर्षे लागतात, ती खाजगी भाडेकरूस परवडत नाही. विद्यापीठास मात्र परवडू शकते. दुसरे वैशिष्ट्य प्रतिकूल आहे. वीज वापरणारा आणि तिचे देयक भरणारा हे येथे निरनिराळे असतात. प्राध्यापक, संशोधक व विद्यार्थी वीज वापरतात. देयक मध्यवर्ती कार्यालय भरते. इमारत बांधण्याचा निर्णय तिसराच विभाग घेतो आणि त्याच्यापुढे बहुधा बांधकामाचा प्रारंभिक खर्चच असतो. परिणामी बचत करणाऱ्यास लाभ होत नाही व अपव्यय करणाऱ्यास झळ लागत नाही. विद्यापीठांतील या प्रयत्नांचे यशापयश यंत्रसामग्रीइतकेच ही फारकत कशी दूर केली जाते, यावर अवलंबून असते.

ऐतिहासिक आढावा : स्वस्त कोळसा व खनिज तेल यांच्या काळात विद्यापीठांच्या इमारती ऊर्जेचा फारसा विचार न करता बांधल्या जात. १९७३ मध्ये अरब तेल-उत्पादक देशांनी घातलेल्या निर्यातबंदीमुळे तेलाच्या किंमती एकाएकी वाढल्या आणि पश्चिमी देशांतील विद्यापीठांना ऊर्जेच्या खर्चाकडे लक्ष द्यावे लागले. त्या काळातील उपाय मुख्यतः खर्चकपातीचे होते. पर्यावरण व विकास यांवरील जागतिक आयोगाने १९८७ मध्ये सादर केलेल्या अहवालामुळे शाश्वत विकासाची संकल्पना सर्वत्र पोहोचली. १९९० मध्ये फ्रान्समधील तालवार येथे भरलेल्या परिषदेत २२ विद्यापीठप्रमुखांनी एक जाहीरनामा संमत करून अध्यापन, संशोधन आणि परिसराचे व्यवस्थापन या तिन्ही अंगांनी पर्यावरणरक्षणाची जबाबदारी स्वीकारली. २००७ पासून अमेरिकेतील अनेक महाविद्यालयांच्या व विद्यापीठांच्या अध्यक्षांनी हरितगृह वायूंचे उत्सर्जन टप्प्याटप्प्याने संपुष्टात आणण्याची प्रतिज्ञा केली.

भारतात १९७८ मध्ये पेट्रोलियम पदार्थांच्या बचतीसाठी पेट्रोलियम संरक्षण संशोधन संघटना स्थापन झाली. ऊर्जासंधारण अधिनियम २००१ मध्ये संमत झाला व त्यानुसार २००२ मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो अस्तित्वात आला. १०० किलोवॉट वा अधिक जोडभार असलेल्या व्यापारी स्वरूपाच्या इमारतींसाठी ऊर्जासंधारण इमारत संहिता २००७ मध्ये तयार करण्यात आली. शैक्षणिक इमारतींचाही तीत विचार केलेला आहे. संहितेची सुधारित आवृत्ती २०१७ मध्ये निघाली आणि २०२२ च्या दुरुस्तीने मूळ अधिनियमाची व्याप्ती वाढविण्यात आली.

मापन व परीक्षण : कोणत्याही ऊर्जासंधारण कार्यक्रमाची सुरुवात मापनाने होते. पुष्कळ विद्यापीठांत उच्च दाबाच्या पुरवठ्याच्या जागी एकच मुख्य मापक असतो. त्यावरून महिन्याचा एकूण वापर कळतो. परंतु तो कोणत्या इमारतीत व कोणत्या वेळी झाला, हे कळत नाही. म्हणून प्रत्येक इमारतीस व शक्य तेथे प्रत्येक मोठ्या उपकरणास उपमापक बसवितात. दर पंधरा मिनिटांस किंवा तासास नोंद करणाऱ्या मापकांमुळे चोवीस तासांच्या वापराचा आलेख मिळतो. रात्री आठ ते सकाळी सहा या काळात ४० किलोवॉट इतका अनावश्यक भार चालू राहिला, तर वर्षाकाठी १,४६,००० युनिटे वाया जातात. असा भार बहुधा मुद्दाम चालू ठेवलेला नसतो. तो कोणाच्या लक्षातच आलेला नसतो.

ऊर्जा परीक्षणात निरनिराळ्या इमारतींची तुलना करण्यासाठी दर चौरस मीटरमागे वर्षाला किती युनिटे लागली, हा निर्देशांक वापरतात. ही तुलना एकाच प्रकारच्या इमारतींत करणे इष्ट असते. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेची तुलना भाषा विभागाच्या इमारतीशी केल्यास निष्कर्ष चुकीचे निघतात. देयकातील इतर बाबीही परीक्षणात पाहिल्या जातात. मंजूर मागणीपेक्षा कमाल मागणी वाढल्यास दंड पडतो. म्हणून सर्व मोठे पंप व वातानुकूलन यंत्रे एकाच वेळी सुरू न करता पाळीपाळीने सुरू करतात. शक्तिगुणक घसरल्यास त्याच कामासाठी अधिक प्रवाह लागतो आणि तारा व रोहित्रे यांतील हानी वाढते. योग्य क्षमतेची धारित्रे बसवून तो एकच्या जवळ आणता येतो.

इमारतींची रचना : इमारतीची दिशा, भिंतींची जाडी, खिडक्या व छप्पर यांवर तिची पुढील अनेक दशकांची ऊर्जेची गरज ठरते. मुंबई विद्यापीठाचे १८७८ मध्ये पूर्ण झालेले ग्रंथालय व राजाबाई मनोरा यांसारख्या एकोणिसाव्या शतकातील वास्तू जाड दगडी भिंती, उंच छते आणि कमानींचे सज्जे यांनी युक्त आहेत. दगडी भिंत दिवसाची उष्णता सावकाश शोषून घेते, सज्जामुळे आतल्या भिंतीवर ऊन पडत नाही आणि उंच छतामुळे गरम हवा माणसांच्या वर राहते. वातानुकूलन स्वस्त व सुलभ झाल्यावर हे गुण बांधकामातून मागे पडले. काचेचे मोठे दर्शनी भाग असलेल्या इमारती उष्ण प्रदेशांतही उभ्या राहिल्या. काचेतून शिरलेली सौर उष्णता आत अडकून पडते व ती बाहेर काढण्यासाठी यंत्रे चालवावी लागतात.

महाराष्ट्राच्या हवामानात इमारतीच्या लांब बाजू उत्तर व दक्षिण दिशांना ठेवणे हितकारक असते. दक्षिणेकडील ऊन माध्यान्ही उंचावरून येत असल्याने आडव्या छज्जाने अडविता येते. पश्चिमेचे ऊन तिरपे येत असल्याने छज्जा तेथे निरुपयोगी ठरतो. त्या बाजूस उभे पडदे, झाडे किंवा जिने व भांडारे यांसारख्या कमी वापराच्या जागा योजतात. सर्वांत वरच्या मजल्यावरील उष्णतेचा मोठा भाग छपरातून येतो. छपरावर उष्णतारोधक थर देणे किंवा पांढरा परावर्तक लेप लावणे हा जुन्या इमारतींसाठी सोपा व कमी खर्चाचा उपाय आहे.

प्रकाश, पंखे व वातानुकूलन : चोकसह सु. ५२ वॉट वीज घेणाऱ्या जुन्या नळीदिव्याऐवजी १८ ते २० वॉटचा एलईडी दिवा पुरतो. जुन्या पद्धतीचा छताचा पंखा सु. ७५ वॉट वीज घेतो, तर ब्रशविरहित चलित्र असलेल्या नव्या पंख्यास सु. ३० वॉट पुरतात. भारतात छताच्या पंख्यांवरील तारांकन जानेवारी २०२३ पासून सक्तीचे झाले. एका विद्यापीठातील १,००० पंखे बदलले व ते वर्षाला २५० दिवस, रोज ८ तास चालतात असे मानले, तर प्रत्येक पंख्यामागे ४५ वॉट याप्रमाणे वर्षाकाठी ९०,००० युनिटे वाचतात. भारतीय वीजजालातील एका युनिटामागे सु. ०·७ किग्रॅ. कार्बन डाय-ऑक्साइड उत्सर्जित होतो, असे धरल्यास ही बचत सु. ६३ टनांची होते.

वातानुकूलनात तापमानाची निवड निर्णायक असते. निर्धारित तापमान एक अंश सेल्सियसने वाढविल्यास विजेची सु. ६ टक्के बचत होते, असा ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचा अंदाज आहे. तारांकित खोली-वातानुकूलकांचे मूळ निर्धारण २४° से. असावे, असा नियम १ जानेवारी २०२० पासून लागू झाला. मोठ्या इमारतींतील पंखे व पंप गरजेनुसार कमीअधिक वेगाने चालविल्यास विशेष लाभ होतो. त्यांना लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते; म्हणून वेग २० टक्क्यांनी कमी केल्यास शक्ती तत्त्वतः निम्म्यावर येते.

प्रयोगशाळा : विज्ञान विभागांत दर चौरस मीटरमागे होणारा ऊर्जेचा वापर वर्गखोल्यांच्या अनेक पट असतो. त्याचे मुख्य कारण वायुवीजन हे आहे. विषारी वायू खेचून बाहेर टाकणारे काचेच्या सरकत्या झडपेचे कपाट, म्हणजे फ्यूम हूड, खोलीतील थंड अथवा ऊबदार केलेली हवा सतत बाहेर फेकते व तिच्या जागी नवी हवा आणून पुन्हा थंड किंवा गरम करावी लागते. असे एक कपाट अहोरात्र चालल्यास अमेरिकेतील सु. साडेतीन घरांइतकी ऊर्जा खर्च होते, असे तेथील अभ्यासात आढळले. हवेचा प्रवाह झडपेच्या स्थितीनुसार बदलणारी योजना असल्यास काम संपताच झडप खाली ओढणे एवढ्या साध्या कृतीने मोठी बचत होते व संशोधकाची सुरक्षितताही वाढते. हार्व्हर्ड विद्यापीठात यासाठी प्रयोगशाळांमध्ये स्पर्धा घेण्यात आल्या. जैविक नमुने उणे ८०° से. तापमानास ठेवणारी प्रशीतके जेथे नमुन्यांस बाध येत नाही तेथे उणे ७०° से.वर चालविल्यास सु. ३० टक्के वीज वाचते. मात्र असे निर्णय प्रशासनाने परस्पर न घेता संशोधकांच्या संमतीने घ्यावे लागतात. नमुना नष्ट झाल्यास होणारी हानी वाचलेल्या विजेच्या मोलात मोजता येत नाही.

पाणी व ऊर्जा : पाणी वाचविल्यास वीजही वाचते. एक घनमीटर पाणी ३० मी. उंच चढविण्यास पंपाची एकूण कार्यक्षमता ५० टक्के असल्यास सु. ०·१६ युनिट लागते. रोज एक लाख लिटर पाणी गळतीमुळे वाया जात असेल, तर वर्षाकाठी सु. ६,००० युनिटे केवळ त्या वाया जाणाऱ्या पाण्याच्या उपशावर खर्ची पडतात. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाने आपल्या आवारातील तलाव व विहिरी यांत पावसाचे पाणी साठविण्याकडे दिलेले लक्ष या दृष्टीनेही उल्लेखनीय आहे.

केंद्रीय उष्णता व शीतन : थंड प्रदेशांतील मोठ्या विद्यापीठांत एका केंद्रात वाफ तयार करून ती भूमिगत नळांतून सर्व इमारतींना पुरविण्याची पद्धत विसाव्या शतकात रूढ झाली. इंधन जाळून वीज निर्माण करावयाची व उरलेल्या उष्णतेतून इमारती तापवावयाच्या, अशी सहवीजनिर्मितीची जोड पुढे तिला मिळाली. महाराष्ट्रातील साखर कारखाने उसाच्या चिपाडापासून वाफ व वीज एकत्र मिळवितात, त्यामागील तत्त्व हेच आहे. या पद्धतीत इंधनाचा विनियोग चांगला होतो. तथापि इंधन जाळणे सुटत नाही. म्हणून काही विद्यापीठांनी निराळे मार्ग स्वीकारले.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात १९८७ पासून नैसर्गिक वायूवर चालणारे सहवीजनिर्मिती केंद्र होते. वापराच्या नोंदींचा अभ्यास केल्यावर असे दिसून आले की, परिसरातील काही इमारती तापविल्या जात असतानाच इतर इमारती थंड केल्या जात असतात. थंड केलेल्या इमारतींतून काढलेली उष्णता शीतन मनोऱ्यांतून वातावरणात सोडली जात होती व त्याच वेळी इंधन जाळून नवी उष्णता निर्माण केली जात होती. २०१५ मध्ये सुरू झालेल्या नव्या केंद्रात ही टाकाऊ उष्णता विजेवर चालणाऱ्या यंत्रांनी परत मिळवून तिच्यातून गरम पाणी तयार करतात. त्यासाठी वाफेच्या नळांऐवजी सु. ३५ किमी. लांबीचे गरम पाण्याचे नळ टाकावे लागले व सु. १५५ इमारतींतील जोडण्या बदलाव्या लागल्या. गरम व थंड पाण्याच्या प्रचंड टाक्यांमुळे उष्णतेची निर्मिती आणि तिचा वापर एकाच वेळी होण्याची आवश्यकता उरली नाही. ही योजना व तिला दिलेली सौर विजेची जोड यांमुळे परिसराचे हरितगृह वायूंचे उत्सर्जन सु. दोन तृतीयांशाने घटले. शीतन मनोऱ्यांतून बाष्परूपाने जाणारे पाणीही वाचले.

न्यूयॉर्क राज्यातील इथाका येथील कॉर्नेल विद्यापीठाने २००० मध्ये शेजारच्या कायुगा सरोवरातील थंड पाणी वापरण्यास प्रारंभ केला. सु. ७६ मी. खोलीवरील पाणी वर्षभर ४° से.च्या आसपास असते. ते काठावरील ऊष्मा विनिमयकांतून फिरवून सरोवरात परत सोडतात. विद्यापीठातील बंद नळमार्गाचे पाणी सरोवराच्या पाण्यात न मिसळता केवळ त्याच्या सान्निध्याने थंड होते. संपीडकांवर चालणाऱ्या पूर्वीच्या यंत्रांच्या तुलनेने शीतनासाठी लागणारी वीज यामुळे ८० टक्क्यांहून अधिक घटली. मात्र खोल पाण्यातील फॉस्फरस उथळ भागात आल्याने तेथे शेवाळ वाढेल, असा आक्षेप स्थानिक नागरिकांनी घेतला आणि सरोवराच्या दीर्घकालीन निरीक्षणाची गरज निर्माण झाली. ऊर्जेची बचत करणारी योजनाही परिसरावरील परिणामांच्या तपासणीतून मुक्त राहू शकत नाही, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

इंडियाना राज्यातील बॉल स्टेट विद्यापीठाने कोळशावरील चार बाष्पित्रांऐवजी जमिनीतील उष्णतेचा मार्ग निवडला. सु. ३,६०० खोल छिद्रांतून फिरणारे पाणी उन्हाळ्यात इमारतींची उष्णता जमिनीत सोडते व हिवाळ्यात ती परत आणते. २०१४ मध्ये तेथील कोळशाचा वापर थांबला.

या योजना भारतात जशाच्या तशा उचलता येत नाहीत. येथील जलाशय व जमीन तितकी थंड नसते आणि बहुतेक प्रदेशांत इमारती तापविण्याची गरज अल्प असते. तत्त्व मात्र उपयोगी पडते. प्रयोगशाळांच्या वातानुकूलनातून बाहेर पडणारी उष्णता ऊष्मा पंपाने वसतिगृहांच्या स्नानाच्या पाण्यास देता येते.

सौर ऊर्जा : विद्यापीठांच्या विस्तीर्ण सपाट छपरांवर सौर पट्टिका बसविणे सोयीचे असते. महाराष्ट्रात एक किलोवॉट क्षमतेच्या पट्टिका दिवसाला सरासरी सु. ४ युनिटे देतात व त्यांना सु. १० चौ. मी. छप्पर लागते. वर उल्लेखिलेल्या १,००० पंख्यांच्या बदलाने वाचणारी ९०,००० युनिटे सौर मार्गाने मिळविण्यास वर्षाला किलोवॉटमागे सु. १,४०० युनिटे या हिशेबाने सु. ६४ किलोवॉटच्या पट्टिका व ६४० चौ. मी. छप्पर लागेल. म्हणून आधी गरज कमी करावी व मगच निर्मितीची क्षमता ठरवावी, असा क्रम तज्ञ सुचवितात. प्रत्यक्षात हा क्रम अनेकदा उलटतो. कारण छपरावरील पट्टिका सर्वांस दिसतात आणि न वापरलेली वीज दिसत नाही.

अतिरिक्त सौर वीज वितरण जालात देऊन तिची वजावट मिळण्याच्या निव्वळ मापन पद्धतीसाठी महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने २०१५ मध्ये विनियम केले. भांडवल नसलेल्या संस्थांसाठी आणखी एक मार्ग आहे. त्यात बाहेरचा उद्योजक स्वखर्चाने पट्टिका बसवितो व विद्यापीठ त्याच्याकडून ठरावीक दराने दीर्घकाळ वीज घेते. वसतिगृहांत स्नानासाठी छपरावरील सौर जलतापक हे याहून जुने व साधे साधन आहे.

वर्तन, हिशेब व जबाबदारी : वापराची माहिती वापरणाऱ्यास तत्काळ मिळाली, तर त्याचे वर्तन बदलते काय, याचा प्रयोग ओहायओ राज्यातील ओबर्लिन महाविद्यालयाच्या वसतिगृहांत २००५ मध्ये करण्यात आला. दोन आठवड्यांच्या स्पर्धेत विजेचा वापर सरासरी ३२ टक्क्यांनी घटला. ज्या वसतिगृहांत क्षणोक्षणीचा वापर दर्शविला जात होता, तेथे घट ५५ टक्के होती. पाण्याच्या वापरात मात्र ३ टक्केच घट झाली. अशा अल्पकालीन स्पर्धांतून सवयी किती टिकतात, हा प्रश्न उरतोच. तथापि माहितीच्या अभावी किती वीज वाया जाते, हे त्यातून दिसून आले.

वापरणारा व देयक भरणारा यांतील फारकत दूर करण्यासाठी येल विद्यापीठाने अंतर्गत कार्बन आकाराची योजना आखली. २०१५-१६ मध्ये २० इमारतींवर तिचा प्रयोग झाला व २०१७ मध्ये ती २५० हून अधिक इमारतींस लागू करण्यात आली. प्रत्येक घटकास उत्सर्जनाच्या दर टनामागे ४० डॉलर आकारून, जमा झालेली रक्कम कामगिरीनुसार घटकांतच परत वाटली जात असे. हार्व्हर्ड विद्यापीठाने फिरत्या निधीची पद्धत अवलंबिली. विभागास सुधारणेसाठी कर्ज मिळते, ते वाचलेल्या देयकातून फेडले जाते व परत आलेला पैसा पुढील कामास वापरला जातो. या दोन्ही पद्धतींत बचतीचा काही भाग बचत करणाऱ्याच्या हाती राहतो. उलट, देयक कमी आले म्हणून पुढील वर्षीचे अनुदानच कमी होत असेल, तर कोणताही विभाग बचतीस उत्सुक असणार नाही.

भारतातील प्रयत्न : पर्यावरणानुकूल इमारतींसाठी गृह ही भारतीय मानांकन पद्धती नवी दिल्ली येथील द एनर्जी अँड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट व केंद्र शासनाचे नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय यांनी विकसित केली. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील पर्यावरण विज्ञान व अभियांत्रिकी केंद्राची इमारत ही या पद्धतीने पंचतारांकित ठरलेली पहिली इमारत होय. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठात वर्षभरात वापरेल तितकीच ऊर्जा निर्माण करावी, या उद्दिष्टाने बांधलेली इमारत २०१५ पासून संशोधनाची प्रयोगशाळा म्हणून वापरात आहे. बिहारमधील राजगीर येथील नालंदा विद्यापीठाच्या परिसराचे उद्‌घाटन जून २०२४ मध्ये झाले. पोकळ भिंती, हवेतील आर्द्रता शोषून बाष्पीभवनाने थंडावा देणारी यंत्रणा, सौर वीज व विस्तीर्ण जलाशय यांच्या योगाने निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट तेथे ठेवण्यात आले आहे.

महाराष्ट्रात ऊर्जासंधारण अधिनियमाखालील कामे महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरण (महाऊर्जा) या संस्थेकडे आहेत. पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत २०१० मध्ये प्रकाशविद्युत् संशोधन व शिक्षण यांचे राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले. पुणे येथील सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात ऊर्जा अभ्यासाचा स्वतंत्र विभाग आहे. परिसर हीच प्रयोगशाळा मानून विद्यार्थ्यांकडून वीजवापराचे मापन, आलेखन व विश्लेषण करविल्यास अध्यापन आणि बचत ही दोन्ही कामे एकदमच साधतात. १४ डिसेंबर हा दिवस देशभर राष्ट्रीय ऊर्जासंधारण दिन म्हणून पाळला जातो.

मर्यादा व समस्या : कार्यक्षमता वाढल्याने एकूण वापर घटेलच, असे नाही. इंग्लिश अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्झ यांनी १८६५ मध्ये कोळशाच्या संदर्भात दाखविले की, वापर किफायतशीर झाल्यास मागणी वाढते. पंखे व दिवे यांतून वाचलेली वीज नव्या वातानुकूलित खोल्यांत खर्च झाली, तर देयकात फरक दिसत नाही. म्हणून इमारतवार निर्देशांकाबरोबर परिसराच्या एकूण वापराचीही नोंद ठेवावी लागते. मात्र वाढत्या उष्म्यात परीक्षागृहे व वसतिगृहे सुसह्य ठेवणे हीदेखील गरज असून प्रत्येक वाढीव वापरास अपव्यय म्हणता येत नाही.

दुसरी समस्या मोजणीच्या सीमेची आहे. स्वतःच्या आवारात जाळलेले इंधन व विकत घेतलेली वीज यांचा हिशेब सोपा असतो. विद्यार्थी व कर्मचारी यांचा प्रवास, बांधकामाचे सिमेंट व पोलाद आणि खरेदी केलेली उपकरणे यांचे उत्सर्जन पुष्कळदा गणनेबाहेर राहते. काही संस्था अन्यत्र झाडे लावण्याच्या किंवा तत्सम योजनांची प्रमाणपत्रे विकत घेऊन स्वतःस कार्बन-तटस्थ म्हणवितात. कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१३ मध्ये २०२५ पर्यंत कार्बन-तटस्थ होण्याचे उद्दिष्ट जाहीर केले होते. पुढे २०२३ मध्ये अशा प्रमाणपत्रांवरील भर सोडून २०४५ पर्यंत प्रत्यक्ष उत्सर्जनातच किमान ९० टक्के घट करण्याचे धोरण त्याने स्वीकारले.

तिसरी समस्या मूल्यांकनाची आहे. इंडोनेशिया विद्यापीठाने २०१० मध्ये सुरू केलेली हरित क्रमवारी व भारतातील राष्ट्रीय मूल्यांकन आणि अधिस्वीकृती परिषदेचे निकष यांमुळे ऊर्जा व हरित परीक्षणांस चालना मिळाली आहे. परंतु परीक्षणाचा अहवाल मूल्यांकन समितीपुरता तयार होऊन कपाटात पडून राहिला, तर त्याचा उपयोग होत नाही. परीक्षणातील शिफारशींपैकी किती अंमलात आल्या व त्यानंतर मापकावरील आकडे किती उतरले, हीच त्याची खरी कसोटी होय. त्यासाठी निश्चित अधिकार, स्वतंत्र निधी आणि मापकांच्या नोंदी नियमित वाचून प्रसिद्ध करणारी जबाबदार व्यक्ती, या तीन गोष्टी विद्यापीठाच्या रचनेत कायम स्वरूपात असणे आवश्यक असते.